बारा ठिकाणी पाच

"फ्रॉक झालरीचाच हवा. आणि गुडघ्याच्या वर," टेलर म्हणाला, तसा फरशीवाल्या मिस्तरीने मिशीला पीळ दिला.

"शिव की! घालायचाय तुलाच. माप पण स्वतःचंच घे."

टेलरच्या दुकानाच्या पायरीवर निम्मी गल्ली जमली होती. वादाचं कारण होतं पलीकडच्या संशोधन संस्थेच्या अंगणातला माणसाएवढा उंच सिमेंटचा गोळा. त्यावर गुलाबी फरशी बसवायचं काम मिस्तरीला मिळालं होतं. भाजलेल्या मातीच्या पाकळ्या, सगळ्या एकाच साच्यातल्या. सहा जुळवल्या की एक फूल, मधोमध बोटभर भोक. अशा फुलांनी अख्खा गोळा मढवायचा.

"सगळीकडे सहा म्हणजे सहा. एकही पाकळी कमी लावणार नाही," मिस्तरी म्हणाला.

"जमायचं नाही, बाबा. टोपी असो की ब्लाउज, गोलाई आली की टक्स घ्यावाच लागतो. थोडं कापड चिमटीत धरायचं आणि गायब करायचं."

"ते तुझ्या चिंध्यांचं. ही फरशी आहे."

ठरलं. हरेल त्याने उद्घाटनाच्या दिवशी झालरीचा फ्रॉक घालून सगळ्यांदेखत गोळ्याला तीन चकरा मारायच्या. खिडकीतून मिस्तरीची बायको म्हणाली, "केस पांढरे झाले, अक्कल अजून पाळण्यातच!"

मिस्तरी हसला खरा, पण मनातून तो धास्तावला होता. मागच्या कामात, एका न्हाणीघरात, त्याची ओळ बोटभर सरकली होती. मालकाने चकार शब्द काढला नाही. दुसरा मिस्तरी बोलावून सगळं उखडलं. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. मालकाने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मिस्तरीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तेव्हा चारच महिने झाले होते.

"हा गोळा वाकडा गेला ना," त्याने बायकोला सांगून ठेवलं, "तर थापी पलंगाखाली. मग घरी बसून तुझी भाजी चिरीन."

"नको हो! त्यापेक्षा गोळाच नीट करा."

संस्थेतल्या संशोधक बाईंनी पहिल्याच दिवशी चित्र हातात दिलं आणि समजावून सांगितलं. "मिस्तरी, हा गोळा म्हणजे एक जीव आहे. आर्किया म्हणतात याला. दिसायला जंतूसारखा, पण घराणंच वेगळं. नुसत्या मिठाच्या पाण्यात राहतो, जिथे बाकीच्यांचं लोणचं होईल. बहुतेक जंतूंना जाड भिंत असते, याला तीही नाही. अंगावर फक्त एक पदर. एकाच प्रोटीनचे तुकडे, सहा-सहा जुळलेले. मधल्या भोकांतून खाणंपिणं आत."

"आणि बसवतो कोण?"

"कुणीच नाही. तुकडे आतून बाहेर येतात आणि आपले आपण जुळतात. जीव वाढला, फट पडली, की तिथे नवा तुकडा बसतो."

"ओळंबा नाही, दोरी नाही?"

"काही नाही. फक्त मीठ लागतं. मीठ काढून घेतलं की अख्खा पदर सुटून येतो."

"आमच्यात चहा काढून घेतला की मिस्तरी सुटतो," तो म्हणाला. बाई खळखळून हसल्या.

मिस्तरीने गोळ्याच्या पोटापासून सुरुवात केली. पहिल्या दोन रांगा लोण्यासारख्या गेल्या. तिसरीत पाकळ्या टोकं वर करायला लागल्या. इकडची दाबली की तिकडची उठे. त्याने उखडलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. दोरी धरली, चष्मा पुसला, मग चष्मा काढून बघितलं. तीन दिवसांत तीनदा उखडलं. तिसऱ्यांदा तो गोळ्याला पाठ लावून खाली बसला. गेली नजर. न्हाणीघरवाल्याचं बरोबर होतं.

चौथ्या दिवशी रागाच्या भरात त्याने एका फुलाची उचकटलेली पाकळी ओढून काढली. खालचा सिमेंटचा माल ओलाच होता. उरलेल्या पाच सहज जवळ सरकवल्या तर काय! फूल किंचित फुगलं आणि गोळ्याच्या गालाला चिकटून बसलं. शेजारची टोकं गुमान खाली गेली.

त्याने इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग पुढे जिथे जिथे गोळा हट्टाला पेटला, तिथे तिथे एक पाकळी कमी. शेवटचं फूल डोक्यावर बसलं तेव्हा सुई शिरायला फट नव्हती. त्याने मोजलं. बारा ठिकाणी पाच.

"दिसतं का कुणाला?" बायकोने विचारलं.

"मला दिसतं ना."

सकाळी बाई पाहणीला आल्या. गोळ्यावरून हात फिरवता फिरवता एका फुलापाशी थांबल्या. बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं.

मिस्तरीने टोपी काढली. "चुकी माझीच, बाई. चित्रात सहा आहेत. मला सहात जमेना. डोळे गेले माझे. दुसरा माणूस बघा, मी उखडून देतो."

"हात लावू नका!" बाई ओरडल्याच. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"अहो, तो जीव हेच करतो! नुसत्या सहाने गोल बंद होतच नाही. वळणावर कुठेकुठे पाचच तुकडे जुळतात. आम्हाला ते मोठमोठ्या यंत्रांतून बघावं लागलं. आणि चित्र काढताना मीच शहाणीने सपाट कागदावर सगळीकडे सहा काढले. चूक माझी आहे, मिस्तरी."

"म्हणजे... डोळे?"

"माझ्यापेक्षा चांगले आहेत."

मिस्तरी सिमेंटच्या पोत्यावर बसला आणि येड्यासारखा हसत सुटला. बाईंनी पाणी दिलं, त्यातलं निम्मं त्याने मिशीवर सांडलं.

घरी बायको म्हणाली, "टेलरला काही बोलू नका. तो काय मोजायला येतोय!"

पण मिस्तरी तडक दुकानात गेला. "हरलो. बारा ठिकाणी पाच. टक्सच घेतले म्हण."

टेलरने मशीनखालून फ्रॉक काढला. शिवून तयार होता, जांभळा, तीन झालरींचा.

"आणि माझं माप कधी घेतलंस रे?"

"चाळीस वर्षं समोर बसलोय."

उद्घाटनाला मोठी मोठी माणसं आली होती. भाषणं संपली आणि मिस्तरी फ्रॉकमध्ये अंगणात उतरला. खाली केसाळ पिंढऱ्या, वर पिळदार मिशी. गल्लीने शिट्ट्या मारल्या, बाईंनी टाळ्या वाजवल्या. बायकोने हातांनी डोळे झाकले, पण बोटांच्या फटीतून बघत होती. फ्रॉक अंगाला छान बसला होता. कुठे चुणी नाही, कुठे फुगा नाही.

एक चकर झाली. दुसरी झाली. तिसरीत तो मध्येच थांबला. गोळ्याच्या डोक्याजवळच्या एका पाच पाकळ्यांच्या फुलावर कुणाच्या तरी चहाचा थेंब उडाला होता. त्याने फ्रॉकची झालर उचलली आणि तो हलक्या हाताने पुसून घेतला.