टपाची दुसरी बाजू

"दोन दोन गोधड्या? गाडीला थंडी वाजतेय का?" चेटने विचारलं.

"वाजू दे. तुझ्या लाडकीला ओरखडा गेला तर महिनाभर तोंड फुगवून बसशील," व्हर्ना म्हणाली आणि गाडीच्या लाल डिकीवर दुसरी गोधडी पसरली. पसरली ती एकाच हाताने. डावा हात तिने एप्रनच्या खिशात कोंबून ठेवला होता.

गाडी दोघांपुरतीच. घडण अलीकडची, पण चेहरा सत्तावन्न सालचा. गोल दिवे, पुढे चकचकीत जाळी, आणि वरचा कडक टप काढला की सगळं आभाळ आपलं. नऊ वर्षांच्या चेटच्या समोरून तसली एक गाडी गेली होती, ती त्याच्या डोक्यातून काही गेली नाही. पुढे एकतीस वर्षं त्याने कारखान्यात दुसऱ्यांच्या व्हॅनची दारं घडवली. निवृत्त झाला त्याच साली तो जुना चेहरा नव्याने बाजारात आला, आणि हा बाबा कुणाला न विचारता गाडी घरी घेऊन आला. व्हर्ना आठवडाभर बोलली नाही. मग एका रविवारी डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसली, आणि तिचा राग हायवेवर कुठेतरी उडून गेला. त्या गाडीत ती शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांना वाढणारी बाई राहत नसे. खरं सांगायचं तर गाडीचं वेड आता त्याच्यापेक्षा तिलाच जास्त होतं.

टप मात्र ऐंशी पौंडांचा, एकट्याने निघत नाही. मेअखेरीस मेमोरियल डेच्या, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, सकाळी काढायचा, ऑक्टोबरात चढवायचा. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, आणि आकडे मोजायचे तिनेच. एकोणीस वर्षांत तिसऱ्या माणसाचा हात त्याला लागला नव्हता.

आणि फेब्रुवारीपासून तिचा डावा हात थरथरत होता. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. चेटला तिने अवाक्षर कळू दिलं नव्हतं. तिला नवरा पुरता ठाऊक होता. एकदा काळजीत पडला की त्याला दुसरं काही सुचत नाही. गाडी विकेल, तिच्या हातातला कप काढून घेईल, आणि ती खुर्चीत बसून राहील. याच विचाराने तिला चार दिवस घास गोड लागला नव्हता.

"ड्वेनला बोलवू का? शेजारी रिकामाच बसलाय," ती म्हणाली.

"ड्वेन? परवा त्याने गवत कापायचं यंत्र स्वतःच्याच टपालपेटीवर घातलं. त्याच्या हाती टप देऊ?"

"आपण म्हातारे झालो, चेट."

"तू झाली असशील. चल, मोज. दहाला मिरवणूक आहे."

तिने खिशातून हात काढला आणि चटकन टपाची कड धरली. "एक, दोन, तीन."

टप अलगद उचलला गेला. दोघं डिकीच्या बाजूने मागे सरकू लागली. पहिलं पाऊल नीट पडलं, दुसरंही. तिसऱ्याला तिच्या बोटांतला जोर गेला.

"चेट, खाली ठेव."

"आता? अजून चार पावलं..."

"खाली ठेव म्हणते ना."

तिचा कोपरा निसटला, गोधड्यांवरून घसरला आणि गोधडी संपली तिथे लाल रंगावर टेकला. चेटने कसाबसा भार सावरला, दोघांनी टप जमिनीवर ठेवला. रंगावर वीतभर पांढरी रेघ उमटली होती.

चेट रेघेकडे बघत राहिला. व्हर्नाने डावा हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"इकडे बघ. फेब्रुवारीपासून असं आहे. कंपवात म्हणतात. गाडी विकायची नाही आणि माझ्या हातातला कप काढून घ्यायचा नाही. एवढं कबूल कर, मग काय बोलायचं ते बोल."

चेट बाकड्यावर बसला.

"फेब्रुवारीपासून एकटीच?" तो म्हणाला. "मला भीती वाटतेय, व्हर्ना."

"मला काय वाटत नाही? पण कबूल आहे का ते सांग."

त्याने मान हलवली. मग उठून कुंपणापाशी गेला आणि ड्वेनला हाक मारली.

ड्वेन हात पुसत आला आणि व्हर्नाच्या जागी उभा राहिला. "मी मोजू?" त्याने विचारलं.

"मोजणारी आहे," चेट म्हणाला.

व्हर्ना दोन पावलं मागे सरली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या जागी दुसरं कुणी उभं होतं. तरी तिने आकडे मोजले, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच.

दहा वाजता गाडी बँडच्या मागे पायी चालण्याच्या वेगाने मेन स्ट्रीटवरून निघाली. ओरखड्यावर कुणाची नजर गेली नाही. व्हर्नाने डोक्याला रुमाल बांधला होता आणि तिचा उजवा हात दारावर होता. डावा मांडीवर ठेवला होता, तो तिथे थरथरत होता. थोड्या वेळाने तिने तो उचलला आणि काचेच्या वर धरला, सगळ्यांना दिसेल असा.

फुटपाथवर बापाच्या खांद्यावर बसलेल्या एका पोरीला वाटलं, ही आजी आपल्यालाच हात करतेय. तिने हातातला छोटा झेंडा हलवला. तिचं बघून शेजारच्यांनीही हात हलवले, मग सगळ्या रांगेनेच.

चेटने एकदा त्या हाताकडे पाहिलं. तो धरून खाली घ्यावा म्हणून त्याचा स्वतःचा हात स्टिअरिंगवरून सुटू पाहत होता. त्याने तो तिथेच घट्ट ठेवला आणि गाडी चालवत राहिला.