‘इथे आलो’ म्हणजे कुठे?

रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये ती एकटीच प्रोग्रामर होती. रिपोर्ट तयार झाला की पेशंटला आपोआप पाठवणारा जावास्क्रिप्टचा प्रोग्राम तिच्या थोरल्या भावाने लिहिलेला. तो दुसरी नोकरी धरून गेला आणि ते सगळं हिच्या गळ्यात पडलं.

सोमवारी सकाळी काउंटरवरच्या बाई जिना चढून वर आल्या.

“अगं, ते आजोबा तिसऱ्यांदा आलेत. रिपोर्ट मिळालाच नाही म्हणतात. असे अकरा जण झालेत.”

तिने सर्व्हरचा लॉग, म्हणजे प्रोग्रामने चालता चालता छापलेल्या नोंदी, उघडला. चाळीस हजार ओळी. ‘इथे आलो.’ ‘इथे आलो २.’ ‘आता तरी चाल बाबा.’ ना वेळ, ना रिपोर्टचा नंबर. तिने कपाळावर हात मारला आणि भावाला फोन लावला.

“दादा, ‘इथे आलो’ म्हणजे नक्की कुठे आलास?”

“तेव्हा मला माहीत होतं ना गं.”

“आणि ‘इथे आलो २’?”

“त्याच्या जरा पुढे.”

पुढचं ऐकून घ्यायला ती थांबली नाही. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाली, “नोंदी नीट ठेवणारी लॉगिंगची तयार लायब्ररी बसवते. प्रत्येक ओळीला वेळ, रिपोर्टचा नंबर, आणि साधी माहिती कुठली, चूक कुठली ते वेगळं दिसेल.”

“आत्ताही छापतंय की सगळं! आधी बिघाड शोध, हौस नंतर.”

“साहेब, डोळे बांधून कुठे शोधू?”

त्यांनी उद्या दुपारपर्यंतची मुदत दिली, तीही उपकार केल्यासारखी.

दिवसभर ती दादाच्या नावाने बोटं मोडत एकेक ओळ बदलत राहिली. पाच ठिकाणी तर चूक पकडून चक्क गिळून टाकलेली, कुणाला काही न सांगता. “काय माणूस आहे!” म्हणत तिने पाचही ठिकाणी, चूक झाली की नोंद होईल, अशी सोय केली.

मंगळवारी अकरा वाजता लॉगमध्ये ठळक ओळ उमटली: चूक, रिपोर्ट ४४१७, ईमेल रिकामा. फाइलचं नाव आणि ओळीचा आकडाही सोबत. ज्यांनी फक्त मोबाइल नंबर दिला होता, त्यांच्यापाशी प्रोग्राम ईमेल शोधताना अडखळायचा आणि एसएमएसपर्यंत पोचायचाच नाही.

प्रोग्राममधली ती ओळ कुणी लिहिली ते तिने बदलांच्या यादीतून मोठ्या उत्साहाने काढून पाहिलं. नाव तिचंच होतं. तारीख तिच्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली.

तिने ती यादी पटकन बंद केली. मग दुरुस्ती केली, अडकलेले सगळे रिपोर्ट पाठवले आणि नाइलाजाने फोन उचलला.

“दादा, चूक माझी निघाली.”

तो इतका हसला की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. “आता आईलाही सांग,” तो म्हणाला.

आजोबा आज पुन्हा येऊन खाली बाकावर बसलेच होते. तिने स्वतः जाऊन त्यांना मोबाइलवर रिपोर्ट उघडून दिला, माफी मागितली. त्यांनी चष्मा वरखाली करून पाहिलं.

“मिळाला खरा. पण बाळ, अक्षर किती बारीक गं हे! कुणी लिहिलंय?”

“ते माझ्या भावाने,” ती म्हणाली. आणि या खेपेला मात्र लगेच खात्री करून घ्यायला वर गेली.