ठकूबाईचा गुडघा

निशिगंधाने मला हे कशेळ्याच्या बाजारात सांगितलं, कोथिंबिरीच्या जुड्या उलट्यापालट्या करत. मी सहज विचारलं होतं, काय गं, पोरीचा फोन येतो का? तर म्हणाली, आला होता की. बरी आहे म्हणाली. आजीचा गुडघा कसा आहे, विचारत होती.

मी तिचा दंड धरला आणि तिला भाजीवालीपासून बाजूला ओढली. फोन कधी आला होता? एकोणीस दिवस झाले, ती म्हणाली. आणि खाली बघायला लागली.

ठकूबाई म्हणजे निशिगंधाची सासू. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तिचा गुडघा आता कशाला दुखेल? ते वाक्य मी निशिगंधाच्या पोरीला, दीप्तीला, पढवलं होतं, ती मस्कतला कामाला निघाली तेव्हा, माझ्याच ओट्यावर बसवून, आईच्या देखत. सांगितलं होतं, बाई, तिकडे फोन दुसऱ्याचा असतो, समोर कोणीतरी उभं असतं, मेसेज वाचतात. मारतात म्हणून सांगता येत नाही, कोंडलंय म्हणून सांगता येत नाही. तर मेलेल्या माणसाची तब्येत विचारायची. घरच्यांनी काय ते समजायचं आणि धावाधाव करायची.

आणि ही माझी बाई एकोणीस दिवस समजून बसली होती.

मी कोण, ते सांगते. मी इंदूबाई. अकरा वर्षं मस्कतला घरकाम करून सहा वर्षांपूर्वी परत आले. तेव्हापासून आमच्या वाडीतलं, आजूबाजूच्या गावातलं जे कोणी परदेशी निघतं, ते आधी माझ्या ओट्यावर येतं. रविवारी विहारातली वंदना झाली की दोघंतिघं हमखास. माथेरानच्या हॉटेलात चादरी बदलणाऱ्या पोरी, शेलूची ड्रायव्हर पोरं. मी फुकट सांगते, पण मधे बोललेलं मला चालत नाही. सामानात खसखस न्यायची नाही, मसाल्यातसुद्धा नाही, तिथे ते नशेत मोजतात. खोकल्याचं औषध, दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न्यायच्या नाहीत. कोणी म्हणालं, माझ्या भाच्याला एवढं पुडकं दे, तर आईने दिलं तरी घ्यायचं नाही, लोक रुसले तर रुसू देत. पासपोर्टचा फोटो घरी ठेवायचा. घरचा नंबर तोंडपाठ पाहिजे, कारण सगळ्यात आधी काढून घेतात तो फोन. पोचलात की त्याच रात्री लोकेशन पाठवायचं, जेवण नंतर.

ह्यातलं एकही मी कुठे वाचलेलं नाही. पण कुठून शिकले, ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तिकडे कसं असतं विचारलं, तर मी म्हणायचे, सुरुवातीचे सहा महिने जरा रडू येतं, ते काढले की झालं. पाठीमागे माझं स्लॅबचं घर, दारात आमच्या ह्यांची जीप. लोकांना पटायचं.

दीप्तीलाही पटलं. बावीस वर्षांची पोर. मी सांगितलं होतं तिला, घरकामाला जायचं तर सरकार तुझ्या वयाच्या मुलीला सोडत नाही, म्हणून हा एजंट तुला फिरायच्या व्हिसावर पाठवतोय, ह्यात घोळ आहे. एजंट म्हणाला, तिकडे गेल्यावर बदलून मिळतो. तिचा बाप कमलेश म्हणाला, वहिनी, माणूस ओळखीतला आहे. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा म्हटलं, जा बाई, तुझं नशीब. मग तिला गुडघ्याचं वाक्य शिकवलं. आता विचार करते तर वाटतं, मला एवढी खात्री होती की त्या पोरीला ते लागणारच, तर मी तिचे पाय धरायला हवे होते. उलट मी तिला बॅग भरून दिली.

बाजारातून मी तशीच फोन करून ह्यांना बोलावलं. आमचे हे, धर्माजी, कशेळे ते कर्जत वडाप करतात. सवाऱ्या उतरवून जीप रिकामी घेऊन आले. निशिगंधाला मागे बसवली आणि सरळ तिच्या घरी.

कमलेश नुकताच ड्युटीवरून आला होता. खालापूरकडच्या एका बंगल्यावर तो राखणदार आहे, आणि तो एजंट म्हणजे बंगल्याच्या मॅनेजरचा मेहुणा. मी उभ्याउभ्याच सांगितलं की आज, आत्ता तक्रार करायची. सरकारचं पोर्टल आहे, वकिलातीचा नंबर आहे, लोकेशन माझ्या फोनमध्ये आहे, कारण तेवढं पोरीने ऐकलं होतं. फक्त अर्ज घरच्यांच्या नावाने गेला पाहिजे. पासपोर्टची झेरॉक्स काढ आणि एजंटचं नाव लिही.

तर कमलेश पाणी प्यायला लागला. सावकाश, तांब्या वर धरून. मग म्हणाला, एजंटशी बोललोय, तो म्हणतो महिन्याभरात घर बदलून देतो. तक्रार केली तर ते लोक पोरीलाच चोरीच्या केसमध्ये अडकवतील. आणि माझी नोकरी त्याच दिवशी गेली समजा. कदाचित पोर चुकून बोलली असेल, आजीची आठवण आली असेल.

मी म्हटलं, आठवण आली तर माणूस गुडघ्याची चौकशी करतं काय?

निशिगंधा चुलीकडे तोंड करून बसली होती. मी तिला विचारलं, तू काय उत्तर दिलंस फोनवर? ती इतक्या हळू बोलली की पुन्हा विचारावं लागलं. म्हणाली, "बरा हाय म्हटलं. काय म्हणू? मला तेच सुचलं."

मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. बरा आहे! तिकडे ती पोर फोन धरून उभी. एवढं एक वाक्य तिच्याकडे होतं, ते वापरून झालं, आणि आई म्हणते बरा आहे.

तेव्हा कमलेश म्हणाला, आणि तो वाईट माणूस नाही, खरंच समजावणीच्या सुरात म्हणाला, "वैनी, सुरुवातीला सगळ्याच रडतात. तुमीच सांगता ना, सहा महिने काढले की झालं. तुमी अकरा वर्षं रायल्या. ती पण रायील."

माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं होतं त्याने. मी खाली बसले. आणि सांगितलं.

सांगितलं की पहिल्या घरात मी चौदा महिने होते. स्वयंपाकघराच्या मागे एक खोली, तिला बाहेरून कडी. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात. हातावर हा डाग आहे तो तेलाचा नाही, इस्त्रीचा आहे, आणि माझ्या हातून लागलेली इस्त्री नाही ती. एका शुक्रवारी कचऱ्याची पिशवी टाकायला बाहेर सोडलं, तर पिशवी तिथेच टाकून मी चालत सुटले. पायात काही नाही, तापलेला रस्ता. एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याने काही न विचारता वकिलातीत सोडलं. तिथल्या आसऱ्याच्या खोलीत चार महिने काढले, एका हॉलमध्ये सत्तर बायका. तिथून मग दुसरं घर मिळालं, ते भल्या माणसांचं. मी तुम्हाला सांगत आले ती मस्कत त्या दुसऱ्या घरातली. घरी एवढंच कळवलं होतं की घर बदललं.

कमलेशने ह्यांच्याकडे बघितलं. हे दारात उभे होते, हातात जीपची चावी. कमलेश म्हणाला, दादांनाही माहीत नव्हतं?

मी म्हटलं, "नाय. मी पण असंच विचारलं होतं यांना, फोनवर, मालकिणीसमोर उभं राहून. आमचं ठरलं होतं, विहिरीला पाणी हाय का विचारायचं. आमाला विहीर कुठं हाय? हे म्हणाले, हाय, भरपूर हाय. विसरून गेले होते."

खरंच मी तसं धरून चालले होते. माणूस भोळा आहे, दिवसभर गाडीत असतो, विसरला. पहिल्या घरात रात्री रात्री ह्यांचा राग केला, मग दुसऱ्या घरी गेल्यावर माफ करून टाकलं. विसरण्याची माफी देता येते. पुढच्या साडेनऊ वर्षांत मी त्याच माफीवर ह्यांच्याशी फोनवर हसतबोलत आले.

"विसरलो नव्हतो," हे म्हणाले.

ह्यांनी चावी खिशात टाकली, परत काढली.

"तू बोललीस तवाच समजलं मला. घराच्या भिंती अर्ध्यावर आल्या होत्या. म्हटलं, काढंल थोडे दिस. मग रोज गाडी काढताना वाटायचं, आज कुणाला तरी सांगतो. एक दिस गेला की दुसऱ्या दिवशी सांगायची लाज वाटायची. चार दिसानी जास्त. मग तुझा फोन आला, घर बदललं. मी सुटलो असं वाटलं मला." मग कमलेशकडे वळून म्हणाले, "एकोणीस दिस झालेत. विसावा दिस जाऊ देऊ नको रं."

मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. घरात त्यांनी लावलेली एकेक वीट डोळ्यांसमोर आली. ती खोली, ती कडी, आणि इकडे हा माणूस भिंतीला पाणी मारतोय. पण माझं नंतर, पोरीचं आधी. मी कमलेशला म्हटलं, झेरॉक्स काढतोस की मी ट्रंक फोडू?

तो उठला. ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढली. अर्ज मी फोनवर भरला, एजंटच्या नावाशी आल्यावर कमलेश पिशवीतले कागद चाळत राहिला, मग त्याने नाव आणि नंबर दोन्ही स्वतः सांगितले. वकिलातीच्या नंबरावर पण तोच बोलला. मोडकंतोडकं हिंदी, पण एकदाही अडखळला नाही. म्हणाला, मेरी लडकी है, बावीस साल की, उसको बंद करके रखा है. ते वाक्य तोंडातून निघाल्यावर मात्र तो भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला.

आठ दिवस आम्ही वाट बघितली. त्या दिवसांत मी ह्यांच्याशी "जेवायला या" ह्यापलीकडे शब्द बोलले नाही. माझ्या घरात बसवत नव्हतं मला. कमलेशची नोकरी चौथ्या दिवशी गेली, मॅनेजरने फोनवरच सांगितलं. रविवारी दोन पोरी ओट्यावर आल्या, मी त्यांना खसखशीचं काही सांगितलं नाही. हातावरचा डाग दाखवला, व्हिसा दाखवा म्हटलं, तो फिरायचा निघाला, आणि दोघींना परत पाठवलं.

नवव्या दिवशी सकाळी निशिगंधाने हाक मारली, धावतच गेले. दीप्तीचा फोन होता, वकिलातीतून. स्पीकरवर पोरीचा आवाज, बसलेला, पण तिचाच. बाहेर काढलं होतं तिला. एक दात गेलाय म्हणाली, बाकी बरी आहे. तिकिटाचं चाललंय, दहाबारा दिवस लागतील. कमलेश हात जोडून फोनसमोर बसला होता, जसा कोणी साहेबच समोर आहे. निशिगंधाने फोन माझ्या हातात दिला.

पोर आधी रडली, मग म्हणाली, इथे खूप बायका आहेत, मावशी. मी म्हटलं, माहिती हाय मला. मग तिने विचारलं, "मावशी, आईला कळलं नव्हतं ना? ती विसरली होती ना गं?"

निशिगंधाने माझं मनगट पकडलं. नुसती मान हलवत राहिली, सांगू नको, सांगू नको.

मला हो म्हणता आलं असतं. विसरली होती म्हटलं असतं, तर पोर त्याच्यावर जन्म काढू शकली असती. मी काढलाय. पण ज्या दिवशी खरं कळतं, त्या दिवशी मागचा सगळा जन्म हातातून जातो, तेही मी ह्या आठ दिवसांत बघितलं होतं.

मी स्पीकर बंद केला आणि फोन निशिगंधाच्या हातात ठेवला. म्हटलं, तू सांग.

तिने फोन कानाला लावला. पलीकडून पोर आई, आई करत होती, ते मला तेवढ्या अंतरावरूनही ऐकू येत होतं.

"कळलं होतं गं," निशिगंधा म्हणाली. "त्याच दिशी कळलं होतं."