बार्बराची आत्या मी

माझ्या भाचीचं नाव बार्बरा. मीच ठेवलं! नाव ठेवायचा मान आत्याचा, त्यात मी कुणाच्या बापाला भीत न्हाई.

बहात्तरच्या दुष्काळात माझी भावजय महानंदा पोटुशी असून तळ्याच्या कामावर खडी फोडत होती. तिथंच कळा सुरू झाल्या. मदतीला आलेल्या एका गोऱ्या नर्सबाईनं लुगड्याचा आडोसा करून तिचं बाळंतपण केलं, वर पंधरा दिवस रोज दूध आणून दिलं. तिचंच नाव मी बारशाला पोरीच्या कानात सांगितलं. बाया आ वासून बघतच राहिल्या.

लातूर जिल्हा झाला त्या साली माझा भाऊ बसवंत चाकूर सोडून लातूरला आला. दिवाळीनंतर पोरीला पाचवीत घालायचं निघालं.

"जिल्ह्याच्या गावात असलं नाव नको. शिवकांता करू," तो म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माहेरात माझा एवढाच एक मान, तोबी पुसायला निघाला! पोर मात्र दुसरंच विचारायली होती, "आत्या, माझ्या नावाचा अर्थ काय?"

मला काय ठाऊक? पण ठसक्यात म्हणलं, "बसवंत, अर्थ चांगला निघाला तर नाव राहील. बोल, कबूल?"

"कबूल."

आम्ही चौघं शाळेत गेलो, तर भीमाशंकर सरांनी नावांच्या अर्थाचं जाडजूड पुस्तक काढलं. पोर टेबलावर वाकून बघायली.

"जुना ग्रीक शब्द आहे," सर म्हणाले. "बार्बरा म्हणजे परकी बाई."

"झालं? लिहा सर, शिवकांता!" बसवंत हसला. माझं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात महानंदा बोलली. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी बाई!

"परकीच होती की ती. आपलं कुणी जवळ नव्हतं, तवा तीच धावली." मग माझ्याकडं वळली. "वन्सं, मी माहेरची गंगम्मा. लग्नात तुम्ही महानंदा केलं. मी दोन दिवस रडले, कुणी विचारलं न्हाई. हिला तरी विचारा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान तर मीच मिरवला होता.

सरांनी पोरीला विचारलं. "बार्बराच लिहा," ती म्हणाली. बसवंतनं कागदावर सही केली.

परतताना महानंदा पुढं चालली होती. मी मागून हाक मारली, "गंगम्मा!"

तिनं वळून बघितलंच न्हाई. दुसऱ्यांदा मारली, तरी न्हाई. ही हाक आपल्याला हाय, हेच तिच्या ध्यानात आलं न्हाई.