बॉनेटवरचा काळा रंग

आमच्या गॅरेजात गाडी सोडून सगळं असायचं. गाडी बाहेर उन्हात, आणि आत माझा नवरा आणि धाकटा दीर कार्बन फायबरचं बॉनेट घडवत बसलेले. कापड साच्यात अंथरायचं, त्यात रेझिन मुरवायचं, घट्ट झालं की सोडवायचं. रविवारी डोंगररस्त्यावर शर्यत होती. दीर हेच बॉनेट लावून गाडी पळवणार होता.

वरून फिनिश कोणतं द्यायचं, यावर दोघांचं हाडवैर. नवऱ्याला पारदर्शक, चकचकीत लेप हवा होता, म्हणजे कापडाची वीण दिसेल. घरी केलंय, तर लपवायचं कशाला? दिराला मॅट हवं होतं, ऊन डोळ्यांवर येत नाही म्हणून. मी म्हणायचे, गुलाबी करा आणि जेवायला या.

बॉनेट साच्यातून निघालं आणि वाद एकदम मिटला. नवरा म्हणाला, सरळ काळा रंग मारू. दीर लगेच म्हणाला, हो, काळाच बरा. चहात साखर किती यावरही ज्यांचं जमत नाही, त्यांचं एवढं एकमत! माझ्या मनात पाल चुकचुकली.

नवरा रंग आणायला गेल्यावर मी बॉनेट उजेडाकडे तिरपं केलं. पुढे, कुलपाची कडी बसते तिथेच, तळहाताएवढा पांढुरका डाग होता. रेझिन तिथे पोचलंच नव्हतं. नाण्याने ठोकून पाहिलं. इतरत्र टणटण वाजत होतं, तिथे बद्द.

नवरा परतल्यावर विचारलं, तर त्याने मान खाली घातली. कापड संपलंय, नवं रविवारच्या आत येणार नाही, म्हणाला. "त्याला सांगू नकोस. घाबरला तर नीट चालवणार नाही."

मग मी दिराला गाठलं. त्याने डाग आधीच पाहिला होता. "वहिनी, दादाला कळू देऊ नकोस. तो मला जाऊच देणार नाही."

वेगात कडी सुटली तर वारा आत शिरणार, बॉनेट उलटून काचेवर येणार आणि पुढचं वळण त्याला दिसणारच नाही.

मी गॅरेजात शिरले तेव्हा दोघेही तिथे होते आणि रंगाचा पहिला थर बसला होता. डाग नाहीसा झाला होता.

"दोघांनाही माहीत आहे," मी नवऱ्याला म्हणाले. "कडीपाशी ते कच्चं आहे. तू त्याच्यापासून लपवतोयस आणि तो तुझ्यापासून."

नवऱ्याच्या हातातली स्प्रे गन खाली आली. सुटले बाई, असं मला वाटलं. मग दीर हसला, मनावरचं ओझं उतरल्यासारखा. त्याने दादाच्या हातून गन काढून घेतली.

"अजून एक थर दिला की झालं," तो म्हणाला.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मास्क नाकावर ओढला आणि धाकट्याला सोपं जावं म्हणून बॉनेट दोन्ही हातांनी तिरपं धरलं.