माईक खराब नव्हता

मी एक जुना माईक आहे. साकोली तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकाखाली पडलो आहे. शाळेचं नाव सांगत नाही. मागे एकदा खरं बोललं जात होतं, तेव्हा माझं बटण बंद झालं होतं. पुन्हा तोच प्रसंग नको.

मित्रांनो, माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते भंडाऱ्याच्या दुकानातलं काचेचं कपाट. तिथून मला आणि माझ्या अँप्लिफायरला इथल्या दहावीच्या मुलांनी आणलं. आमच्याकडे रीतच आहे, दहावीचा वर्ग निरोपाच्या दिवशी शाळेला काहीतरी देऊन जातो. कुणी घड्याळ देतं, कुणी पंखा. त्या पोरांनी मला दिलं, आणि अँप्लिफायरवर लाल रंगात लिहून घेतलं: 'सप्रेम भेट, दहावी, 2003-04'. खाली सगळ्यांची नावं. वर्गात शेवटून पहिला येणाऱ्याचंही नाव होतं. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

माझी उमेदीची वर्षं फार मानात गेली. शिपाई वासुदेवराव मला जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या आलमारीत ठेवत. कार्यक्रमाच्या दिवशी बाहेर काढून फुंकर मारत आणि "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हणत. वीस वर्षांत त्यांनी तीनच्या पुढे मोजलं नाही. पंधरा ऑगस्ट झाला, सव्वीस जानेवारी झाली, स्नेहसंमेलन झालं, पाहुणे आले, पाहुणे गेले. 'ही शाळा आमची दुसरी आई आहे' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की ते माझ्या जाळीत अडकूनच बसलं असावं.

पण माझा खरा मान वाढला तो तृप्ती आल्यावर. आठवीत होती पोरगी. सूत्रसंचालनाला कुणी तयार होईना, म्हणून हिला उभी केली. हिने मला तोंडापासून चार बोटं लांब धरलं, एक श्वास घेतला आणि म्हणाली, "सन्माननीय व्यासपीठ." बस. मैदानात बसलेली म्हातारी माणसंसुद्धा सरसावून बसली. बाकीची पोरं मला खायला निघाल्यासारखी तोंडात धरतात. हिला कुणी काही शिकवलं नव्हतं, तरी सगळं येत होतं. दोन वर्षं शाळेचा एकही कार्यक्रम तिच्याशिवाय झाला नाही. मला ती मनापासून आवडायची. हे आज सांगतो, तेव्हा सांगता येत नव्हतं.

तृप्तीचं एकच चुकत होतं. आषाढ लागला की ती शाळेतून दिसेनाशी व्हायची. तिची आई कुंताबाई रोवणीला जायची, आणि पोरगी तिच्या मागे. चिखल केलेल्या बांधीत वाकून दिवसभर धानाची रोपं लावायची. आमच्या भागात अर्धा वर्ग रोवणीला जातो, त्यात नवल नाही. पण तृप्तीचं गणित कच्चं होतं, आणि त्या दीड-दोन महिन्यांत ते आणखी कच्चं व्हायचं.

आणि आमच्या शाळेच्या फाटकावर एक फलक आहे. 'दहावीचा निकाल: 100 टक्के. सलग सहा वर्षे.' शाळेत देवाच्या फोटोला जेवढा हार पडत नाही, तेवढा या फलकाला पडतो.

हा निकाल लागतो कसा, ते मी आलमारीतून ऐकलं आहे. नववीचा वर्ग संपला की मुख्याध्यापक सर एकेका कच्च्या पोराच्या आईबापाला बोलावतात. दाखला काढून घ्या म्हणतात. सतरा नंबरचा फॉर्म भरा, पोरगं बाहेरून परीक्षेला बसेल. बाहेरून बसलेलं पोरगं नापास झालं तर ते शाळेच्या निकालात धरत नाहीत. त्या वर्षी नववीत एकतीस पोरं होती. दहावीत सव्वीस बसली.

कुंताबाई आली तेव्हा खुर्चीवर बसलीच नाही. उभ्यानेच म्हणाली, "सर, तिले शाळेतून काढू नोका जी. रोवणीचे दोन महिनेच तं येत नाई ते."

"काढून नाही राहिलो, बाई," सर म्हणाले. "बाहेरून बसवून राहिलो. फॉर्मची तारीख निघाली का मी सांगतो तुमाले. काळजी करू नोका."

दाखल्याच्या अर्जावर बाईने अंगठा नाही, सही केली. सावकाश, एकेक अक्षर काढत. पोरीनेच शिकवली असावी.

पुढे तारीख आली. तारखेचा कागद सरांच्याच टेबलावर आला. मी तिथेच होतो. त्या कागदावर चहाचा कप ठेवला गेला, मग दुसरे कागद आले, आणि तारीख निघून गेली. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. विसरले. पण फलकाला हार घालायला ते कधी विसरले नाहीत.

मग उजाडला निरोप समारंभ. मंडपाबाहेर बुंदीची परात झाकून ठेवली होती. एकेक जण येऊन मला धरत होता आणि हायस्कूलच्या आठवणी सांगत होता. अमरने नवेगावबांधची सहल सांगितली. टीना 'दुसरी आई' म्हणाली आणि रडली. सगळ्यांच्या बोलण्यात सगळं होतं. खिचडी होती, छडी होती, सायकलची पंक्चर होती. ज्या पाच जणांच्या डब्यातलं यांनी दोन वर्षं खाल्लं होतं, ते मात्र कुणाच्या आठवणीत नव्हते.

शेवटी दामिनी आली. वर्गात पहिली येणारी, आणि नववीपर्यंत तृप्तीच्या शेजारी एकाच बाकावर बसलेली. सरांनी तपासून दिलेला कागद तिने घडी घालून ठेवला आणि म्हणाली, "आपलं सूत्रसंचालन तृप्ती करत होती. ते तिकडे फाटकापाशी उभी आहे. मीच बोलावलं तिले. ये वं तृप्ती."

टाळ्या पडल्या. तृप्ती आली. हातांची कातडी खरबरीत झाली होती, पण मला धरलं ते तसंच, चार बोटं लांब.

"सन्माननीय व्यासपीठ," ती म्हणाली. तोच आवाज. मग थांबली, आणि तिची घरची बोली आली. "सर, मले भाषण नाई द्याचं. एकच विचाराचं आहे. तुमी म्हटलं होतं, तारीख सांगतो. मी तीनदा येऊन गेली. मले कोणी सांगतलं नाई. आता मी कधी..."

खट्ट.

अँप्लिफायर सरांच्या खुर्चीलगत होता. त्यांचा हात बटणावरून मागे गेला आणि लाल दिवा विझला. सर उठून हसत म्हणाले, "माईक खराब झाला. जुना आहे बिचारा. चला, बुंदी घ्या सगळे."

मित्रांनो, मी बंद होतो तरी ऐकत होतो. तिने वाक्य पुरं केलं. "आता मी कधी परीक्षेले बसू?" पहिल्या तीन रांगांना ते ऐकू गेलं. तुम्ही सव्वीसही तिथेच बसला होता. दिवा विझलेला तुम्ही पाहिला, हात पाहिला. अमर हसला, "माईक गेला रे!" दामिनीने मला दोनदा टकटक केलं, सरांकडे पाहिलं, आणि खाली जाऊन बसली. प्रत्येक विषयाचे वीस गुण शाळेच्या हातात असतात, हे तिला माहीत होतं. मला तिचा राग येतो, आणि तृप्तीला हाक मारण्याचं धाडस फक्त तिनेच केलं, म्हणून जरा कमी येतो.

तृप्तीने मला टेबलावर हळूच ठेवलं. वायर गुंडाळली. मग गेली. बुंदी घेतली नाही.

संध्याकाळी वासुदेवरावांनी बटण दाबून पाहिलं. दिवा लागला. त्यांनी तो पुन्हा विझवला. मग मलाच म्हणाले, "सर म्हणतेत खराब, तं खराब." आणि मला इथे आणून ठेवलं. दुपट्टा मात्र काढून नेला नाही.

जूनमध्ये निकाल लागला. सव्वीसपैकी सव्वीस. फलकावर सहाचे सात झाले. रीतीप्रमाणे या वर्गानेही शाळेला भेट दिली, नवा बिनवायरचा माईक. त्याच्या डब्यावर सव्वीस नावं आहेत. मी वासुदेवरावांच्या तोंडून ऐकली, एकेक करून. एकतीस नव्हती.

वीस वर्षं मी ज्यांना आवाज दिला, त्यांनी, दामिनीची ती एक हाक सोडली तर, तो दुसऱ्यासाठी कधी वापरला नाही, हे माझ्या आयुष्याचं सार आहे. मला पुसा, सांभाळा, असं मी म्हणत नाही. मी गंजलो तरी चालेल.

या खोलीची खिडकी शाळेमागच्या बांधीकडे उघडते. आता रोवणी सुरू आहे. बायांच्या रांगेत तृप्ती आहे, तिचा आवाज मी कुठेही ओळखेन. फॉर्मची तारीख यंदाही निघेल. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी एकाने ती तिला सांगा. बांधावर उभं राहून हाक मारली तरी तिला ऐकू जातं. त्याला माईक लागत नाही.