पेन्सिलीचं टिंब

"तुम्हीच बघा," असं म्हणत वर्गबाईंनी टिल्लीची श्रुतलेखनाची वही माझ्यापुढे सरकवली. "चौथीतच आणखी एक वर्ष बसू दे तिला. शिक्षा म्हणून नाही हो सांगत. पाचवीत निभाव लागायचा नाही तिचा."

टिल्ली माझी मुलगी. नाव चांगलं भारदस्त ठेवलं होतं, पण पोर अंगापिंडानं लहानच राहिली आणि घरीदारी टिल्ली झाली. तिला त्याच वर्गात ठेवणार म्हटल्यावर मी वाद घालायच्या तयारीत होते. पण वही उघडली, आणि हात सवयीनं कामाला लागले.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला, बारीक अक्षरांचा, कुणीही न वाचलेला कागद असतो ना, तो आम्ही वाचतो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या जोडीला काम करणारे तात्या. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापील ओळीवर बोट फिरवायचं. बावीस वर्षं लोकांच्या चुका काढून पगार घेतेय. लग्नपत्रिका हातात आली तरी मला आधी चूक दिसते आणि मग नवरदेवाचं नाव.

"बाई, हा धडा जरा वाचून दाखवता?"

बाईंनी चमकून पाहिलं, पण वाचला. मी वहीवर बोट फिरवत गेले. चुकलेला शब्द एकही नव्हता. शब्द गळले होते. इथे सहा, तिथे अकरा, एका पानावर तर सबंध दोन ओळी. त्यानंतर पुन्हा सगळं सुबक आणि बरोबर.

"लक्षच नसतं," बाई म्हणाल्या. "मध्येच कुठेतरी बघत बसते. हाक मारली तरी ढिम्म. सहामाहीपर्यंत बरी होती, सुट्टीनंतर घसरली."

लक्ष का नसतं ते मला ठाऊक होतं. बाईंना नव्हतं, कारण मी ताकास तूर लागू दिली नव्हती.

टिल्ली पाच वर्षांची असताना एका सकाळी स्वयंपाकघरात तिला पहिली फिट आली. अपस्मार. औषधानं मोठ्या फिट थांबल्या. मागे राहिल्या त्या लहान. नजर एका जागी थिजते, हात थांबतो, पाच-दहा सेकंदांनी ती परत येते आणि काही झालंच नाही अशी पुढे चालू लागते. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं, शाळेत सांगा म्हणून. मी दोन्ही वेळा मान डोलावली, आणि शाळेच्या अर्जावर 'अशक्तपणा' लिहून मोकळी झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या मावशीला हाच आजार होता. तो कळला त्या वर्षी तिची शाळा सुटली, ती मागच्या खोलीत शेंगा सोलायला बसली आणि तिथेच म्हातारी झाली. तिला वाचायला शिकायचं होतं. मी छापखान्यात लागले तेव्हा तिनं माझी बोटं हातात घेऊन पाहिली होती.

मी पानं मागे उलटली. सहामाहीच्या आधीची पानं भरलेली होती, गळती जवळजवळ नव्हतीच. पण समासात कुठे कुठे पेन्सिलीचं एक बारीक टिंब होतं, आणि त्या ओळीत काही शब्द घाईनं, दाटीवाटीनं बसवलेले.

"ही टिंबं तुमची?"

"छे, मी लाल शाईनं तपासते."

"सुट्टीनंतर वर्गात काही बदललं का?"

"काही नाही. हां, शेजारणीला तिच्याजवळून उठवलं. श्रुतलेखन चालू असलं तरी तोंडाचा पट्टा बंद नाही तिचा. सगळा वर्ग रेडिओच म्हणतो तिला. हिचं नुकसान नको म्हणून तर त्या रेडिओला पुढे आणून बसवली."

संध्याकाळी टिल्ली बूट काढत होती तेव्हा मी वही तिच्यापुढे धरली.

"हे टिंब कोणाचं गं?"

"रेडिओचं," ती म्हणाली. "मी थांबले की ती तिथे टिंब देते. मग मी आले की हळूच सांगते, टिंबापासून पुढे काय झालं ते."

"तिला कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. शेजारी बसायची ना ती."

"मग बाईंनी उठवलं तेव्हा सांगितलं का नाहीत?"

टिल्लीनं माझ्याकडे पाहिलं, मठ्ठ मुलाकडे पाहावं तसं. "तूच म्हणालीस ना, कुणाला सांगायचं नाही? मी तिला सांगून ठेवलं होतं. तिनं शपथ घेतलीय." आणि दुसरा बूट ओढता ओढता म्हणाली, "तिला महिनाभर मधल्या सुट्टीत वर्गात बसवलं होतं. तरी नाही बोलली."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. ज्या पोरीला गप्प बसता येत नाही म्हणून शिक्षा झाली, तीच माझ्यासाठी गप्प बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वाचायची पाळी होती. कसल्याशा गोळ्यांचा कागद, दुष्परिणामांची यादी. झोप येणे, गुंगी, हालचाली मंदावणे. असली यादी मी शंभर वेळा वाचली असेल, पण त्या दिवशी चौथ्या ओळीला रेडिओचं टिंब आठवलं आणि मी थांबले.  डाव्या हाताचं बोट ओळीवर तसंच ठेवून तात्यांनी उजव्या हातानं चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसले.

"होऊ दे सावकाश," ते म्हणाले. "ओळ कुठे पळून जात नाही."

बावीस वर्षांत माझी ओळ त्यांनी किती वेळा धरून ठेवली असेल, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि शाळेत गेले.

बाईंना सगळं सांगितलं. फिट, औषधं, अर्जावरचा अशक्तपणा, टिंबं, रेडिओ. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

"मागच्या महिन्यात मी तिला बाकावर उभं केलं होतं," त्या म्हणाल्या. "लक्ष देत नाही म्हणून. वरून पडली असती म्हणजे?"

"चूक माझी आहे."

"आहेच," बाई म्हणाल्या. त्यांनी तसं म्हटलं ते मला बरं वाटलं.

मोठी फिट आली तर काय करायचं ते त्यांनी हजेरीपटाच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. कुशीवर वळवायचं, दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर ताबडतोब दवाखाना. उद्या डॉक्टरीणबाईंना वही नेऊन दाखवते, असं मी सांगितलं.

"पाचवीचं वार्षिक परीक्षेनंतर बघू," त्या म्हणाल्या. "शब्द देत नाही मी."

"मी मागतही नाही."

मग त्यांनी टिल्लीला बोलावलं आणि तिलाच विचारलं, वर्गाला सांगायचं का म्हणून.

"सांगा," टिल्ली म्हणाली. "निम्म्यांना माहीतच आहे."

शेवटचा तास श्रुतलेखनाचा होता. मी लेकीला घेऊनच घरी जाणार होते, म्हणून दाराबाहेर बाकड्यावर थांबले. आत आधी बाईंचा आवाज बराच वेळ हळू चालला होता. मग बाक सरकल्याचा आवाज आला आणि "हुश्श" असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. ती रेडिओच असणार.

दार अर्धं उघडं होतं. तिसऱ्या बाकावर दोघींच्या वेण्या पुन्हा शेजारी शेजारी वाकल्या होत्या. बाई संथपणे वाचत होत्या, पेन्सिली चालत होत्या. मग एक पेन्सिल थांबली. टिल्लीची मान तशीच, नजर फळ्याच्या कडेला अडकलेली. रेडिओनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात लांबवून टिल्लीच्या समासात टिंब दिलं, त्यावर डावं बोट ठेवलं आणि उजव्या हातानं स्वतःचं लिहीत राहिली.

बाई वाचता वाचता थांबल्या. पुस्तकात बोट घालून त्या खिडकीपाशी गेल्या आणि बाहेर काहीतरी असावं तशा बघत राहिल्या. वर्ग वाट पाहत होता. मीही मनात अंक मोजत होते. अकरापर्यंत आले तेव्हा टिल्लीची पापणी हलली. तिनं खाली पाहिलं, तर रेडिओचं बोट तिथेच होतं.

बाई परत आल्या आणि वाचू लागल्या.

"बाई, ही ओळ झाली," मागून कुणीतरी म्हणालं.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तीच ओळ पहिल्यापासून वाचली.